ताटांतलें आणि बाटलींतलें

इंदापूर तालुक्यांतील एका आजोबांचें पत्र आमच्यापुढें आहे. नांव-गांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें तें देत नाहीं. त्यांचा नातू सहा वर्षांचा. गेल्या वर्षीं पुण्यास दाखविलें तेव्हां त्यास स्वमग्नता, म्हणजे सर्वत्र जिला ऑटिझम म्हणतात ती अवस्था आहे, असें निदान झालें. मूल बोलतें थोडें आणि खातें त्याहून थोडें : पांढरा भात, एकाच कंपनीचीं बिस्किटें आणि दूध, तेंहि एकाच निळ्या पेल्यांतून. निदान कळल्यापासून घरांतील प्रत्येकानें आपापल्या परीनें उपाय शोधला. मामांनीं प्रोटीनचा डबा आणला. अमेरिकेंतल्या आत्यानें माशाच्या तेलाच्या गोळ्या धाडल्या. शाळेंतून लोहाची गुलाबी गोळी मिळते, औषधांच्या दुकानांतून ड जीवनसत्त्वाची पुडी आली, शिवाय पुष्य नक्षत्र साधून सुवर्णप्राशन चालूं आहे. फडताळांत आतां सात बाटल्या झाल्या आहेत. "यांतील पायाभूत कोणत्या आणि काढून टाकण्याजोग्या कोणत्या, हें मास्तरांनीं लिहावें," असें ते म्हणतात. जोडीला आणखी एक वाद आहे. दूध आणि गहूं बंद केल्यास मूल सुधारतें असें सूनबाईंच्या वाचनांत आलें आहे, आणि सासूबाईंना दूध बंद करणें मुळींच मान्य नाहीं.

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. वैद्यक शिकलों नाहीं. म्हणून कोणत्या मुलास किती मात्रा हें ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं, तो बालरोगतज्ज्ञांचा. परंतु निवड कोणत्या कसोटीवर करावी हें सुशिक्षित माणसास वाचून समजण्याजोगें आहे. ती कसोटी अशी : पूरक पोषण हें स्वमग्नतेवरचें औषध म्हणून द्यावयाचें नसतें, मुलाच्या ताटांत आणि रक्तांत जें उणें आढळेल तें भरून काढण्यासाठीं द्यावयाचें असतें. हा भेद वरवर शब्दांचा वाटेल, पण सातांपैकीं निम्म्या बाटल्या याच भेदानें निकालांत निघतात.

लिओ कॅनर या अमेरिकेंतील मानसवैद्यानें १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें तेव्हांपासून ही अवस्था जगास परिचित झाली. पुढें कित्येक वर्षें तिचें खापर आईच्या थंड वागणुकीवर फोडलें जात असे. तें मत केव्हांच खोटें ठरलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अद्याप सुनेला त्यावरून बोल लावला जात असेल, तर तो आजच थांबावा. मेंदूच्या घडणींतलाच हा वेगळेपणा असून त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे. एखादें अन्न किंवा एखादें जीवनसत्त्व दिल्यानें तो नाहींसा होतो असें आजवर कोठेंहि सिद्ध झालेलें नाहीं.

मग अन्नाचा एवढा विचार कां करावयाचा? याचें उत्तर कॅनरच्याच लेखांत आहे. त्या अकरा मुलांपैकीं अनेकांचें खाणें अगदीं तान्हेपणापासून अडचणीचें होतें, अशी नोंद त्यानें केली आहे. पुढें २०१३ सालीं अनेक अभ्यासांचें एकत्र परीक्षण झालें, त्यांत या मुलांमध्यें जेवणाच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारें पांचपट आढळल्या, आणि कॅल्शियम व प्रथिनें त्यांच्या पोटांत कमी जातात असेंहि दिसलें. याचें कारण हट्ट नव्हे. आपल्याला जी भाजी नुसती मऊ लागते ती अशा मुलाच्या जिभेला असह्य बुळबुळीत लागूं शकते. फोडणीचा वास आपल्याला भूक आणतो, त्याला तो खोलींतून पळवून लावतो. रंग, स्पर्श, उष्णता, पेला, ताट, सर्व कांहीं कालच्यासारखेंच असावें लागतें. "उपाशी राहिलें कीं आपोआप खाईल," हा वडीलधाऱ्यांचा ठोकताळा येथें लागू पडत नाहीं. यांतील कांहीं मुलें खरोखर उपाशी राहतात, पण नको तें खात नाहींत.

हें किती गंभीर होऊं शकतें याचें एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतें. मूल लंगडूं लागतें, मग चालावयाचेंच सोडतें, पायाला हात लावूं देत नाहीं. सांध्यांच्या आणि हाडांच्या तपासण्या होतात, कधीं कर्करोगाचीहि शंका घेतली जाते. शेवटीं कोणीतरी हिरड्यांतून येणारें रक्त पाहतें आणि मूल काय खातें असें विचारतें. उत्तर येतें : बिस्किटें आणि दूध. मग कळतें कीं हा स्कर्व्ही, जुन्या काळीं महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांस होणारा रोग, क जीवनसत्त्वाच्या अभावाचा. क जीवनसत्त्व दिल्यावर मूल थोड्याच दिवसांत बरें होऊं लागतें. ज्या इंदापुराकडून पेरूच्या पाट्या बाजारांत जातात, त्याच तालुक्यांत एखादें मूल फळाला वर्षभर शिवलेलें नसणें शक्य आहे. आणि बोलतां न येणारें मूल "पाय दुखतो" असें सांगूं शकत नाहीं, तें फक्त चिडतें, चावतें, झोपत नाहीं. घरचे म्हणतात, स्वमग्नता वाढली. म्हणून मुलाचें वागणें एकाएकीं बिघडलें तर आधीं शरीराकडे पाहावें : दांत, कान, पोट, मलावरोध आणि ताट.

आतां दुधाचा वाद. गव्हांतील ग्लुटेन आणि दुधांतील केसीन हीं प्रथिनें अर्धवट पचून त्यांचे अंश मेंदूवर परिणाम करतात, अशी एक कल्पना पाश्चात्त्य देशांत निघाली, आणि तिच्यावरून दोन्ही वर्ज्य करण्याचें पथ्य पसरलें. त्याचे प्रयोग झाले ते लहान आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. इंग्लंडांतील 'नाइस' ही शासनमान्य संस्था वैद्यांसाठीं मार्गदर्शक नियम तयार करते. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठीं असें वर्ज्य-पथ्य देऊं नये, असें तिनें २०१३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. परंतु आमच्या घरांपुरतें याहून मोठें कारण निराळेंच आहे. ज्या पाश्चात्त्य कुटुंबांत हें पथ्य पसरलें, तेथें मुलाच्या ताटांतून दूध गेलें तरी मांस, मासे, अंडीं राहतात. आपल्या शाकाहारी घरांत दूध-दहीं गेलें कीं ब-१२ या जीवनसत्त्वाचा एकुलता एक झरा आटतो, आणि त्याबरोबर कॅल्शियम व चांगल्या प्रथिनांचा मोठा भागहि जातो. बदामाचें किंवा सोयाबीनचें दूध ही जागा भरून काढीत नाहीं, कारण बाहेरून मिसळल्याखेरीज त्यांत ब-१२ नसतें. या वादांत आम्हीं सासूबाईंच्या बाजूस आहों, तें जुन्या रीतीच्या अभिमानानें नव्हे.

सूनबाईंच्या म्हणण्यांतहि एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ज्या मुलाचें पोट सतत बिघडतें, वजन वाढत नाहीं, त्यास गव्हाचा खरा रोग, म्हणजे सीलिॲक, किंवा दुधाची खरी अ‍ॅलर्जी असूं शकते. त्याची तपासणी करून घ्यावी. मात्र सीलिॲकची रक्ततपासणी गहूं चालूं असतांनाच करावी लागते, आधीं बंद केल्यास ती फसवी येते. रोग निघाल्यास पथ्य पाळलेंच पाहिजे. तेव्हांहि परदेशी पिठाचे महाग डबे आणण्याचें कारण नाहीं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन मुळांतच नाहीं. बारामतीच्या जिराईत पट्ट्यांत भाकरी हेंच रोजचें अन्न. गव्हाची पोळी सणावाराची.

दुसऱ्या टोकालाहि जाऊं नये. मूल दुसरें कांहीं खात नाहीं म्हणून त्यास दिवसाकांठीं दीड लिटर दूध पाजणारीं घरें आहेत. दुधांत लोह जवळजवळ नसतें, आणि तें अन्नांतील लोह शोषूं देत नाहीं. शिवाय पोट भरल्यानें भुकेची वेळच येत नाहीं. अर्ध्या लिटराच्या आसपास दूध-दहीं मिळून पुरेसें होतें.

तर पायाभूत म्हणावयाचीं तीन : ब-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व. हीं तीन स्वमग्नतेमुळें निवडलेलीं नाहींत. आपल्या भागांत, आपल्या आहारांत, त्यांचीच उणीव मुख्यतः आढळते म्हणून निवडलीं आहेत.

ब-१२ विषयीं पुण्यांतच जें काम झालें त्याची माहिती प्रत्येक शाकाहारी घरांत असावयास हवी. के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास चालविला. त्यांत सुमारें दोन-तृतीयांश गर्भवती स्त्रियांत ब-१२ कमी निघालें. ज्या मातांत तें फार कमी होतें, त्यांचीं मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागें पडलेलीं दिसलीं. त्याच संशोधकांनीं २००६ सालीं पुण्याकडील पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. तींत दर तिघांपैकीं दोघांत ब-१२ कमी होतें, आणि आश्चर्य असें कीं खेड्यांतील किंवा झोपडपट्टींतील लोकांपेक्षां शहरी मध्यमवर्गांत, म्हणजे आपल्यासारख्यांच्याच घरांत, तें प्रमाण अधिक होतें. ताटांत तूप, ताक, पुरण असूनहि ही स्थिति. हें जीवनसत्त्व वनस्पति बनवीत नाहींत. तें सूक्ष्म जंतु बनवितात आणि प्राणिज अन्नांतून आपल्याला मिळतें. पेलाभर दुधांत सुमारें एक मायक्रोग्रॅम असतें, पण पातळ ताकांत आणि चहांतल्या चमचाभर दुधांत त्याचें किती उरणार?

एक गोष्ट अधिक सांगण्याजोगी आहे, कारण तींत खरोखर मूल वांचवितां येतें. आईच्याच शरीरांत ब-१२ नसेल आणि मूल वर्षभर केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर तें बाळ हसावयाचें थांबतें, मान धरलेली सोडतें, पाहत नाहीं. केस विरळ व भुरकट होतात, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, पुढें हातपाय कांपतात. हा आजार भारतांतील बालरोगतज्ज्ञांना चांगला ठाऊक आहे, आणि ब-१२ वेळीं दिल्यास मूल पुष्कळ सांवरतें. बाहेरून पाहणाऱ्यास तें स्वमग्नतेसारखें भासूं शकतें. मिळालेलें कौशल्य ज्या मुलाचें हरवलें, त्याचें ब-१२ तपासल्याशिवाय राहूं नये, तसेंच कान तपासल्याशिवायहि.

तपासणीचें रक्त औषध चालूं करण्यापूर्वीं द्यावें. आधीं चार दिवस टॉनिक पाजून मग तपासल्यास आंकडा चांगला दिसतो आणि कांहींच कळत नाहीं. उणीव निघाल्यास वैद्य गोळी, थेंब किंवा सुई ठरवितील. उणीव नसतांना केवळ स्वमग्नतेसाठीं ब-१२ च्या महागड्या सुया टोंचण्यास मात्र भरंवशाचा आधार नाहीं. फोलिक अ‍ॅसिडच्या वर्गांतील फोलिनिक अ‍ॅसिडचाहि २०२५ पासून मोठा गाजावाजा झाला. त्याचे प्रयोग अद्याप लहान आहेत; तें वैद्यानें निवडक मुलांत पाहावयाचें औषध आहे, शेजाऱ्यानें सुचवावयाचें नव्हे. आणि शाकाहारी घरांस एक इशारा : ब-१२ ची उणीव असतांना नुसतें फोलिक अ‍ॅसिड दिलें तर रक्त सुधारलेलें दिसतें, मज्जातंतूंची हानि मात्र आंतून चालूं राहते.

लोहाचें कोडें सोपें आहे, आणि तरी घरोघर चुकतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांपैकीं शंभरांत सुमारें ६९ पंडुरोगी निघालीं. लोह कमी असलेलें मूल रात्रीं पाय हलवितें, कूस बदलतें, वारंवार जागें होतें. स्वमग्न मुलांची झोंप आधींच नाजूक, त्यांत ही भर. कित्येक मुलें माती, खडू, भिंतीचे पोपडे खातात तें यामुळेंहि असूं शकतें. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन ही तपासणी सांगावी, म्हणजे लोहाचा सांठा कळतो. अंगांत ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तेव्हां ती करूं नये, आंकडा खोटा वाढतो. सरकारी योजनेंत पांच वर्षांखालील मुलांस लोहाचें पातळ औषध आठवड्यांतून दोनदां, आणि पांच ते नऊ वर्षांच्या मुलांस ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी आठवड्यांतून एकदां मिळते. ही गोळी फुकट मिळते म्हणून हलकी समजूं नये. परंतु ती चालूं असतांना घरीं दुसरें लोहाचें टॉनिकहि चालूं असेल, तर तें वैद्यास सांगितलें पाहिजे. लोह दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊं नये. लिंबाच्या सरबताबरोबर अधिक शोषलें जातें. शौचास काळें होणें अपेक्षित आहे, मलावरोध वाढल्यास प्रकार बदलतां येतो. आणि ही बाटली कुलपांत ठेवावी. गोड चवीमुळें मुलानें ती एकदम प्याल्यास जिवावर बेततें, आणि स्वमग्न मुलें उंच फडताळावर चढण्यांत पटाईत असतात.

ड जीवनसत्त्वाच्या पुडीबद्दल तर आमच्यांतला गणिताचा मास्तर जागा होतो. वर्षावरील मुलाची रोजची गरज ६०० एककें धरतात. दुकानांत मिळणारी पुडी ६०,००० एककांची असते. म्हणजे एक पुडी ही शंभर दिवसांची गरज. वैद्य ती ठराविक आठवडे, आठवड्यांतून एक, अशी लिहून देतात. आणि "रोज एक" असें ऐकून महिनाभर पाजलेलीं मुलें रुग्णालयांत येतात. उलट्या, मलावरोध, सुस्ती, वजन घटणें, रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला धोका. ज्यास बोलतां येत नाहीं तें मूल यांतलें कांहींच सांगत नाहीं. बारामतीच्या उन्हाची आठवण येथें कोणीहि देईल. परंतु गर्दी, धूळ, आवाज यांना भिऊन घरांतच राहणाऱ्या मुलास तें ऊन मिळतें कोठें? २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणींत भारतांतील शालेय वयाच्या शंभर मुलांपैकीं सुमारें अठरांत ड जीवनसत्त्व कमी होतें. म्हणून तपासावें, मोजून द्यावें, आणि मुदत संपतांच पुडी थांबवावी.

उरलेल्या बाटल्यांचा निकाल थोडक्यांत लावतों. माशाच्या तेलांतील ओमेगा-३ नें स्वमग्नता सुधारते असें चांगल्या प्रयोगांत दिसलेलें नाहीं. मूल कांहींच स्निग्ध खात नसेल आणि वैद्यानें सुचविलें, तर समुद्री शेवाळापासून काढलेलें शाकाहारी तेलहि मिळतें. जवसाची चटणी चांगली, पण तिच्यांतील ओमेगा-३ चें शरीरांत रूपांतर फार थोडें होतें. कॉडलिव्हर तेलांत अ आणि ड दोन्ही असतात. सरकारी लसीकरणांत पांच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनीं अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली जाते, त्यावर हें तेल आणि वर मिश्र टॉनिक म्हणजे यकृतावर ओझें. ब-६ आणि मॅग्नेशियम यांच्या मोठ्या मात्रा अमेरिकेंत बर्नार्ड रिमलंड यांच्या पुरस्कारामुळें फार गाजल्या. पुढें तपासणी झाली तेव्हां त्यांची शिफारस करण्याजोगा पुरावा मिळाला नाहीं, आणि ब-६ फार झाल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते हें १९८३ पासून ठाऊक आहे. जस्त हें उणीव दिसल्यावर. प्रोटीनचा डबा हा बहुधा साखर आणि दुधाची भुकटी. घरचें दहीं आणि डाळ यांची तो बरोबरी करीत नाहीं.

सुवर्णप्राशनाबद्दल लिहितांना आम्ही सांवधपणें लिहितों, कारण तें आमच्या परंपरेंतलें आहे आणि काश्यपसंहितेंत लेहनाचा स्वतंत्र अध्यायच आहे. परंतु परंपरेचा आदर म्हणजे बाटलींत काय आहे हें न विचारणें नव्हे. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदीय औषधांची २००४ सालीं तपासणी झाली तेव्हां दर पांचांपैकीं एकांत शिसें, पारा किंवा सोमल आढळलें. वाढत्या मेंदूस शिसें हें विषच. तेव्हां औषध कोणी केलें, घटक कोणते, शिशाची तपासणी झाली आहे काय, हें वैद्यराजांस विचारावें; खरे वैद्य रागावणार नाहींत. वर्षाखालील बाळास मधाचें बोट लावूं नये हेंहि येथेंच सांगून ठेवतों.

खोक्यावरील मजकूर वाचण्याची संवय घरांतील कोणा एकास असावी. अन्न-कायद्याखालीं विकल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांवर तो औषधी उपयोगासाठीं नाहीं असें इंग्रजींत छापावें लागतें. तें ओळखून मग जाहिरातींतील आश्वासन वाचावें. हिरवी खूण आहे कीं तपकिरी हेंहि पाहावें, कारण मऊ कॅप्सूल आणि रंगीत चघळगोळ्या पुष्कळदां जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जिलेटिनच्या असतात. पुष्कळ सोंवळ्याच्या घरांत त्या नकळत येतात.

एकत्र कुटुंबाची एक अडचण या बाबतींत विशेष आहे. प्रेम करणारे हात पुष्कळ, म्हणून औषध देणारेहि पुष्कळ. सकाळीं आजी देते, दुपारीं काकू "दिलें नसेल" म्हणून देते, रात्रीं बाप घरीं येऊन देतो. औषध एकाच हातानें द्यावें आणि स्वयंपाकघरांत एक वही टांगून तींत तारीख, वेळ, मात्रा लिहावी. त्याच वहींत सात दिवस मुलानें खरोखर काय गिळलें तें लिहावें. काय वाढलें तें नव्हे. सात दिवसांची ती वही पाहून आहारतज्ज्ञाला जें कळतें, तें सात बाटल्या पाहून कळत नाहीं.

आणि ताट? येथें आमच्या संस्कृत वैद्यकानें एक फार शहाणी रीत सांगितली आहे. अंगवळणीं पडलेलें अन्न एकदम सोडवूं नये आणि नवें एकदम लादूं नये. चतुर्थांश-चतुर्थांशानें बदल करावा. चरकसंहितेंतील हा पादांशाचा क्रम आणि आजचे आहारोपचारक या मुलांसाठीं जें करतात तें जवळजवळ एकच आहे. पांढरा भात खाणाऱ्या मुलास प्रथम त्याच भातांत चमचाभर मुगाच्या डाळीचें पाणी. तें पंधरा दिवस खपलें तर थोडी डाळ. नाचणी तपकिरी दिसते म्हणून ती आवडत्या बिस्किटाच्या आकाराची करून पाहावी. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नवा पदार्थ ताटाच्या कडेला नुसता ठेवावा, खा म्हणूं नये. पहिल्या दिवशीं मूल त्याच्याकडे पाहील, दहाव्या दिवशीं बोट लावील. दहा-पंधरा वेळां समोर आल्याखेरीज नावडता म्हणून तो खोडूं नये. पेरूची फोड दांतांना नकोशी वाटली तर बिया काढून गर द्यावा. नाक दाबून घास कोंबणें हें मात्र कोणत्याहि वयाच्या वडिलांनीं करूं नये. त्यानें मूल ताटालाच भितें.

आईबापांनीं आणखी एक सांभाळावें. मुलाच्या एकमेव भरंवशाच्या अन्नांत, त्या निळ्या पेल्यांतल्या दुधांत, औषध लपवूं नये. चवींतला फरक त्यास कळतो आणि मग तें दूधहि सुटतें. एक औषध पोटांत गेलें आणि ताटांतला तिसरा हिस्सा गेला. औषध औषध म्हणूनच, रोज त्याच वेळीं, त्याच चमच्यानें द्यावें. अशा मुलांना ठरलेला क्रम आवडतो, तो येथें आपल्या उपयोगी पडतो.

बाजरीबद्दल एक आनंदाची गोष्ट. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें इक्रिसॅट संस्थेबरोबर तयार केलेलें 'धनशक्ति' हें लोह अधिक असलेलें बाजरीचें वाण २०१२ सालीं महाराष्ट्रासाठीं प्रसारित झालें. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना लोह अधिक असलेल्या बाजरीची भाकरी कांहीं महिने देऊन पाहिलें, तेव्हां त्यांचा लोहाचा सांठा वाढला. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं शारदानगरच्या कृषि विज्ञान केंद्रांत या वाणाची चौकशी करावी. भाकरीनें गोळीची गरज प्रत्येक मुलाची भागणार नाहीं. पण भाकरी साऱ्या घराला मिळते, आणि पंडुरोग फक्त नातवालाच असतो असें नाहीं. सूनबाईंचेंहि रक्त तपासावें.

तपासणीसाठीं प्रत्येक वेळीं पुणें गांठावें लागतें असें नाहीं. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापुरासहि उपजिल्हा रुग्णालय आहे. अंगणवाड्यांत आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें येतात. वाढींत मागें पडणारीं मुलें हुडकणें हेंहि त्यांचें काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख असल्यामुळें प्रमाणपत्र मिळतें, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यांतून वर्षास एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चास आधार मिळूं शकतो. बोलणें शिकविणारे, हातापायांचें काम शिकविणारे उपचार हाच खर्चाचा मुख्य भाग असावा. महिन्याचे चार हजार रुपये टॉनिकांत गेले तर त्यांसाठीं काय उरेल? वैद्यांकडे जातांना ती सात दिवसांची वही आणि फडताळांतल्या सर्वच्या सर्व बाटल्या पिशवींत घालून न्याव्या. त्यांनीं ज्या ठेवल्या त्यांचा परिणाम तीन महिन्यांनीं त्याच तपासण्या पुन्हां करून पाहावा, आणि आंकडा भरला असेल तर थांबवावयाचें कधीं हें त्यांनाच विचारावें.